तिसऱ्या हलाल आहेत का?

बर्मिंगहॅमला समुद्र नाही. इंग्लंडच्या नकाशाच्या ऐन बेंबीत बसलेलं हे शहर. कुठल्याही किनाऱ्याला जायचं तर गाडीनं दोन तास तरी हवेतच. माझी दादी १९९९ साली आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिनं थंडीबद्दल तक्रार केली नाही. "वाऱ्याला खारा वासच नाय गो," एवढंच म्हणाली आणि तीन दिवस घुम्यासारखी बसून राहिली. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठचं. आजोबा पी अँड ओच्या बोटींवर खलाशी होते, टिलबरीच्या गोदीत चारदा उतरले होते. त्यामुळे दादीच्या लेखी विलायत म्हणजे बंदर. बंदर नसलेली विलायत ही तिला सरळसरळ फसवणूक वाटत होती.

पुढे एका शनिवारी अब्बा तिला बुल रिंगच्या मासळी बाजारात घेऊन गेले. मी बारा वर्षांची, दुभाषी म्हणून सोबत. एका गाळ्यावर बर्फावर कॉकल नावाचे शिंपले मांडले होते. दादी थबकली. एक शिंपला उचलून तिनं अंगठ्यानं दाबून पाहिला, दुसरा उघडा होता त्यावर टिचकी मारली. तो हळूच मिटला. "जिवंत हायत," ती म्हणाली. "ह्या तर आपल्या तिसऱ्याच. जरा गुबगुबीत." आणि गाळ्यावरच्या गोऱ्या बाबाला थेट मराठीत विचारलं, "वाटा कितीला?" त्यानं बर्मिंगहॅमच्या हेल काढून बोलायच्या पद्धतीत काहीतरी उत्तर दिलं. दुभाषाची गरजच पडली नाही. दोघांची घासाघीस बोटांवर झाली.

घरी आल्यावर तिसऱ्या मिठाच्या पाण्यात टाकल्या, रेव सोडायला. मग दादी विळीवर बसली. एकेक शिंपला धारेवर धरून उघडायचा, मांस असलेली अर्धी बाजू ठेवायची, दुसरी फेकायची. ओलं खोबरं, लसूण, आमसुलं. त्या दिवशी आमच्या स्पार्कहिलमधल्या घराला पहिल्यांदा खाडीचा वास आला. दादी जेवली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "बरं हाय तुमचं गाव."

सोमवारी मी ही गोष्ट मदरशात सांगितली. आमचा मदरसा म्हणजे एकमेकांना लागून असलेली दोन घरं मधली भिंत पाडून एक केलेली. शाळा सुटल्यावर पाच ते सात तिथं कुराण शिकायला जायचं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पाकिस्तानकडच्या काश्मीरातल्या मिरपूरची. तिनं डोळे मोठे केले. "शिंपले? ते तर हराम!"

मी मुसलमान आहे की नाही, असा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा विचारला तो गोऱ्यांनी नव्हे. मदरशातल्या मुलींनी.

त्याआधीही खटके उडाले होतेच. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. नमाजात रुकूला, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना आणि उठताना आम्ही हात उचलतो. हनफी पंथाचे लोक फक्त सुरुवातीला उचलतात. मदरशातले उस्ताद हनफी. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "माश्या हाकलतेस काय?" सगळा वर्ग हसला. शिवाय माझं उर्दू तोडकंमोडकं, आणि घरी आम्ही जे बोलायचो ते त्या मुलींच्या कानाला "हिंदूंची भाषा" वाटायचं. आडनाव दळवी. तेही त्यांना कुठं बसवावं कळेना.

रडत घरी गेले. दादीला अक्षर ओळखीचं नव्हतं. गावाला जाणारी तिची पत्रं मीच लिहायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेलं माझं मराठी त्या पत्रांमुळेच टिकलं. पण उत्तर तिच्यापाशी तयार होतं. "त्यांचे इमाम येगळे, आपले येगळे. दर्यातलं सगळं आपल्याला चालतं. जा, सांग त्यांना." नंतर वाचनातून कळलं की दादीचं म्हणणं पक्कं होतं. अरबांची गलबतं जिथं जिथं लागली तिथं तिथं शाफई पंथ पोचला: येमेन, कोकण, केरळातले मापिळा, पार मलेशिया-इंडोनेशियापर्यंत. समुद्रावर जगणाऱ्यांचा पंथ शिंपल्यांना हराम म्हणत नाही, हे मला फार आवडतं. विद्वान म्हणतील की कारण एवढं सोपं नाही. नसेल.

आणि त्या मिरपुरी मुलींचीही एक कहाणी होती, ती मला खूप उशिरा कळली. मंगला धरणाच्या पाण्याखाली १९६०च्या दशकात त्यांची गावं गेली. लाखभर माणसं उठली आणि त्यातली बरीच इंग्लंडच्या गिरण्या-कारखान्यांत आली. आपल्याकडे कोयनेनं केलं तसंच. त्या कोयनेचं पाणी वीज करून झालं की वाशिष्ठीत उतरतं आणि आमच्याच खाडीला मिळतं. लहानपणी एकमेकींना हे सांगता आलं असतं तर निदान भांडणाचा विषय बदलला असता.

तर अशी मी, तेरा वर्षांची होईपर्यंत मुसलमानांत अर्धी मुसलमान होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर एका रात्रीत पूर्ण झाले.

तो मंगळवार होता. शाळेतून घरी आले तर टीव्हीवर ते मनोरे पुन्हा पुन्हा कोसळत होते. दादीला वाटलं सिनेमा आहे. दुसऱ्या दिवशी एका मुलानं जिन्यात विचारलं, "तुझा काका का तो?" त्याचं फार काही वाटलं नाही, तो मुलगा कुणालाही काहीही विचारायचा. लागलं ते वेगळंच. आमच्या एक बाई होत्या, मनानं अगदी चांगल्या. त्या वर्गासमोर म्हणाल्या, "आपल्याला इस्लामबद्दल गैरसमज नकोत. आपल्या वर्गात एक मुसलमान मुलगी आहे. तीच सांगेल."

मी उभी राहिले. मला काय येत होतं? पाच कलमे, अर्ध्याहून अधिक अर्थ न कळता. जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, कशी घडी करायची. रमजानात पहाटे सहरीच्या जेवणाला दादी तांदळाची भाकरी थापते त्याचा आवाज. मिठाच्या पाण्यात तिसऱ्या किती वेळ ठेवायच्या. यातलं काहीच त्यांना नको होतं. जगभरचे मुसलमान असं का करतात, याचा खुलासा हवा होता. मी म्हटलं, "इस्लाम म्हणजे शांती," आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या.

त्या दिवसापासून मी जबाब द्यायला लागले. जबाबच म्हणते, कारण उत्तर आणि जबाब यात फरक आहे. पोलीस ठाण्यात जो देतात तो जबाब. वाचनालयात जाऊन पुस्तकं आणली. जिहादचा खरा अर्थ, बायकांचे हक्क, बुरखा, चार लग्नं. प्रत्येकावर तीन-चार वाक्यं पाठ. सगळ्यांत हुकमी म्हणजे कुराणाच्या सूरह मायदातली बत्तिसावी आयत: ज्यानं एक जीव मारला त्यानं जणू सगळ्या माणुसकीला मारलं. ही मी बसथांब्यावर, जेवणाच्या सुट्टीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बधिर जिभेनं म्हटली आहे.

ती आयत मी अर्धीच म्हणत असे, हे कॉलेजात गेल्यावर समजलं. तिथं ती आज्ञा बनी इस्राईलला, म्हणजे यहुदी लोकांना, दिल्याचं सांगितलं आहे. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मग्रंथातही तसंच वचन आहे. आणि मधे एक 'खेरीज' आहे: खुनाच्या बदल्यात किंवा भूमीवर फसाद माजवल्याबद्दल, हे वगळून. खोटं मी बोलत नव्हते. पण समोरच्याच्या मापानं कापून देत होते, शिंप्यासारखी. जे इस्लामविरुद्ध लिहितात तेही आयती कापूनच देतात; फक्त त्यांचं माप वेगळं. त्या वयात हे उमगल्यावर मला काही दिवस कुराण उघडायचीच लाज वाटली.

आमच्या शेजारी एक आयरिश बाई राहायच्या, १९५०च्या दशकात नर्सिंग करायला आलेल्या. सगळी गल्ली त्यांना नॅन म्हणायची. दादीचं आणि त्यांचं बरं जमायचं. भाषा एकीची दुसरीला येत नसे, पण दोघींच्या गळ्यात माळ-तसबीह असायची आणि दोघींना तिसऱ्या आवडायच्या. सप्टेंबरातल्याच एका संध्याकाळी नॅन आमच्या स्वयंपाकघरात चहा घेत होत्या. मी टेबलाशी बसून जबाब पाठ करत होते. त्यांनी विचारलं काय चाललंय, मी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता तुमची पाळी, बाळा."

२१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली. संशय आयरिश अतिरेक्यांवर. आठवडाभरात नवा कायदा झाला. सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली आणि ते निर्दोष असल्याचं कोर्टाला पटायला १९९१ उजाडलं. हे सगळं पुस्तकांत सापडतं. नॅननी सांगितलेलं सापडत नाही. त्या महिनोन् महिने बसमध्ये तोंड उघडत नसत, कारण तोंड उघडलं की बोलण्यावरून आयरिश हे कळायचं. खाटकाच्या दुकानात त्या बोटानं दाखवायच्या: हे, एवढं. कामावर एका मैत्रिणीनं विचारलं होतं, "तुम्ही लोक याचा निषेध का करत नाही?" आयरिश लोकांची सेंट पॅट्रिकच्या सणाची मिरवणूक या शहरात वीसेक वर्षं निघाली नाही, ती १९९६ ला पुन्हा सुरू झाली. "मी निषेध केला हो," नॅन म्हणाल्या. "पण मोठ्यानं केला तर माझं बोलणं ऐकून लोक वळून बघायचे."

दादीला मी हे मराठीत सांगितलं. तिनं नॅनच्या कपात आणखी चहा ओतला.

दादी स्वतः मात्र या सगळ्यातून सुटली. ती साडी नेसायची, डोक्यावर पदर. तिला सगळे हिंदू समजत. मार खाल्ला तो अब्बांच्या ओळखीच्या सरदारजींनी. त्यांच्या दुकानाच्या काचेवर दगड आला, कारण दाढी आणि फेटा. अमेरिकेत तर १५ सप्टेंबरला बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घालून मारलं, मुसलमान समजून. लोक याला 'चुकून मारलं' म्हणतात. म्हणजे बरोबर माणूस सापडला असता तर?

७ जुलै २००५ चं सांगणं मला अवघड जातं. लंडनमध्ये बॉम्बस्फोटांत ५२ माणसं गेली. अफगाणिस्तानातून कुणी आलं नव्हतं. चौघा हल्लेखोरांपैकी तिघं लीड्सच्या बाजूचे, इथंच जन्मलेले. म्होरक्या शाळेत मदतनीस होता. त्याची चित्रफीत सप्टेंबरमध्ये दाखवली. शुद्ध यॉर्कशायरच्या बोलीत बोलत होता, माझ्या मावसभावासारखा. पाठ केलेला एकही जबाब तिथं लागू पडेना. 'हे आमच्यातले नाहीत' हे वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. होते की ते आमच्यातले! मदरशाच्या चटईवर माझ्यासारखेच मांडी घालून बसले असतील. सगळे प्रश्न पूर्वग्रहातून येतात असं म्हणणं सोयीचं आहे, पण त्या उन्हाळ्यात काही प्रश्न रास्त होते आणि ते आम्ही आपापसांत पुरेसे विचारले नाहीत.

स्फोटांनंतर दोन दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, बर्मिंगहॅमचं मध्यवर्ती शहर धोक्याच्या सूचनेमुळे रिकामं केलं. हजारो माणसं रस्त्यावर. मी तिथंच होते, पाठीवर पिशवी. बस बंद. सगळे चालायला लागले, मीही डिगबेथवरून स्ट्रॅटफर्ड रोडच्या दिशेनं. माझ्या पुढे-मागे थोडी जागा रिकामी राहते आहे हे मला पाच मिनिटांत जाणवलं. गर्दी, आणि गर्दीत मी एका गोल पोकळीत. शेवटी मी काय करावं? पिशवीची चेन पूर्ण उघडली आणि ती पोटाशी धरून चालत राहिले. आत ओला टॉवेल, वाचनालयाचं पुस्तक आणि अर्धं सँडविच. तीन मैल तशी चालले. कुणीही काही बोललं नाही. बाजूनं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं आत डोकावलं, सँडविच बघितलं आणि मान हलवली.

अब्बा तेव्हा बस चालवायचे, शहराभोवती गोल फिरणारी ११ नंबरची. त्या आठवड्यात लोक पायरीवर चढायचे, त्यांची दाढी बघायचे आणि काहीतरी विसरल्यासारखं करून उतरायचे. अब्बा घरी येऊन म्हणायचे, "अरे, गाडी मीच चालवतोय, मी कशाला उडवू?" आम्ही हसायचो. २२ तारखेला लंडनच्या पोलिसांनी भुयारी रेल्वेत एका ब्राझीलच्या इलेक्ट्रिशियनला अतिरेकी समजून गोळ्या घातल्या, तेव्हापासून अब्बांनी तो विनोद बंद केला.

पुढची वर्षं भराभर सांगते, कारण त्यांत तोच तोपणा फार. २०१० मध्ये आमच्या भागात खांबाखांबावर कॅमेरे लागले, दोनशेच्या वर. गुन्हेगारी रोखायला, असं सांगितलं होतं. मग बाहेर आलं की पैसा दहशतवादविरोधी निधीतला, आणि त्यातले काही छुपे. बोंब झाली. कॅमेरे काढेपर्यंत त्यांच्यावर पिशव्या चढवून ठेवल्या. अब्बा म्हणाले, "बघा, सरकारनंच कॅमेऱ्यांना बुरखा घातला." २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका वाहिनीवर एक तज्ज्ञ म्हणाला की बर्मिंगहॅम पूर्णपणे मुस्लिम शहर आहे, बिगरमुस्लिम तिथं जातच नाहीत. पंतप्रधान कॅमेरन म्हणाले, ऐकून मला पॉरिजचा ठसका लागला. २०११ च्या जनगणनेत शहरात मुसलमान होते साधारण २२ टक्के. नॅन तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "मग मी कोण?"

मराठी वाचकांसाठी लिहिते आहे तर हेही लिहायला हवं. इथल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला मी हौसेनं गेले होते. "दळवी? कुठले दळवी?" "दापोलीकडचे." "अय्या, आमच्या जाऊबाई दापोलीच्याच!" फराळाची ताटली आली, चकल्या आल्या. मग कुणीतरी पूर्ण नाव विचारलं. क्षणभर चकली हवेत राहिली. आणि मग ते वाक्य आलं, अगदी प्रेमानं: "पण तुम्ही किती छान मराठी बोलता!" ही माझ्या दादीची भाषा. मी हसून थँक्यू म्हटलं. शाळेतल्या त्या बाईंची आठवण आली. त्याही अशाच प्रेमळ होत्या. त्या काकू आता माझ्या चांगल्या मैत्रीण आहेत, हे वाचतील आणि फोन करतील. करा, काकू.

लग्न मिरपुरी घरात झालं. माझा नवरा तिसऱ्या खात नाही. घरात तिसऱ्या शिजल्या की तो एक शब्द बोलत नाही, फक्त सगळ्या खिडक्या उघडतो. जानेवारीतसुद्धा.

२०२४ च्या जुलैअखेर साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. काही तासांत एक खोटं नाव फिरलं: बोटीतून आलेला मुसलमान निर्वासित. मारेकरी कार्डिफमध्ये जन्मलेला, ख्रिस्ती घरातला, पण तोवर जमाव तिथल्या मशिदीवर गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या लोकांनी येऊन मशिदीची भिंत पुन्हा रचली, विटांवर विटा. आमच्याकडे ५ ऑगस्टला मोर्चा येणार अशी अफवा उठली. मोर्चा आलाच नाही. आमचीच पोरं तोंड झाकून रस्त्यावर उतरली आणि त्यांतल्या काहींनी एका पबवर हल्ला केला, एका माणसाला मारहाण केली. त्या रात्री मला नॅनची फार आठवण आली. त्या त्याच्या तीन वर्षं आधी गेल्या होत्या, दादी त्याच्याही आधी.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. शाळा सुरू झाल्यावर त्याला वर्गात एक निबंध लिहायला दिला: मुसलमान घरात ईदला काय खातात? वही घरी आली तेव्हा मी जरा धास्तावूनच उघडली. मी त्याला एकही जबाब शिकवला नव्हता. ठरवून.

त्यानं लिहिलं होतं: "मला सगळ्यांचं माहीत नाही. आमच्या घरी आई शिंपले खाते आणि बाबा खिडक्या उघडतात. मी आईच्या बाजूला बसतो, पण स्वेटर घालून."

खाली बाईंनी समासात हिरव्या शाईत विचारलं होतं: "कसले शिंपले? कसे करतात?"

शनिवारी बाजारात गेले. गाळ्यावर आता त्या बाबाचा मुलगा बसतो. एक शिंपला उघडा होता, त्यावर टिचकी मारून पाहिली. मिटला. नेहमीपेक्षा एक वाटा जास्त घेतला.